कोणत्या हेडखाली?

अमेरिकेत मानवी भ्रूणातल्या मूलपेशींवर संशोधन करायला केंद्र सरकारने कधीच बंदी घातली नव्हती. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे आणि जवळजवळ प्रत्येकाने 'असं कसं, बुशने बंदी आणली होती ना?' असंच विचारलं आहे. काही राज्यांचे आपापले कडक कायदे होते, ते वेगळे. केंद्राने आखडता घेतला तो फक्त पैशाचा हात. एखादी कंपनी, एखादा देणगीदार, एखादं खासगी फाउंडेशन खर्च करणार असेल, तर वॉशिंग्टनला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्या वर्षांत मी तिथल्या एका विद्यापीठात, संशोधनाच्या अनुदानांचे हिशेब सांभाळणाऱ्या ऑफिसात नोकरीला होते. मी शास्त्रज्ञ नाही, डॉक्टर नाही, नीतिशास्त्र वगैरे तर माझ्या वाटेलाही गेलेलं नाही. माझ्यापुढे यायची ती बिलं, पर्चेस ऑर्डरी, पगारपत्रकं. अनुदानातला प्रत्येक डॉलर कशावर गेला आणि तो तिथे जाणं नियमात बसत होतं का, एवढंच बघायचं. बाहेर टीव्हीवर माणसाचं आयुष्य कुठल्या क्षणी सुरू होतं यावर हमरीतुमरी चाललेली असायची. आमच्या टेबलापर्यंत येताना तोच प्रश्न 'हा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा?' असा होऊन यायचा. मला वाटतं, त्या वादाचं खरं रूप आमच्या टेबलावरूनच जास्त स्वच्छ दिसत होतं.

ज्याच्यावरून एवढं सगळं झालं ते भ्रूण म्हणजे काय, हे मी एका संशोधिकेच्या सूक्ष्मदर्शकातून बघितलं होतं. पाचव्या दिवसाचं भ्रूण म्हणजे शंभर-दीडशेच्या आसपास पेशींची आतून पोकळ गोळी, मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. बाहेरच्या पेशींच्या थराची पुढे वार होते. आत एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका चिकटलेला असतो. तोच पुढे बाळ व्हायचा असतो. तेवढा पुंजका बाहेर काढून योग्य द्रवात वाढवला, की त्या पेशी विभागत राहतात. त्यांच्यापासून हृदयाची, मेंदूची, स्वादुपिंडाची, कुठलीही पेशी घडवता येते. पुंजका काढला की उरलेलं भ्रूण संपलं. तिने मला काचेखाली दाखवलं तेव्हा मला काय वाटायला हवं होतं कोण जाणे. भक्तिभाव वाटला नाही आणि 'हे काहीच नाही' असंही म्हणवेना. करड्या रंगाचं, कडेला जरा चमकणारं काहीतरी होतं. मी 'थँक यू' म्हणून बाजूला झाले.

हे पहिल्यांदा साधलं ते १९९८ साली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या जेम्स थॉमसन यांनी आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर बीजफलन करून मूल होऊ देण्याच्या, उपचारातून उरलेली, जोडप्यांनी लेखी संमतीने दिलेली ३६ भ्रूणं घेतली. त्यांतल्या १४ मधून आतला पुंजका काढता आला आणि अखेर ५ सेल लाइन तयार झाल्या. सेल लाइन म्हणजे एका भ्रूणातून निघालेल्या, वर्षानुवर्षं वाढवत ठेवता येणाऱ्या पेशींचं कूळ. नोव्हेंबरमध्ये निबंध छापून आला. यातली माझ्या कामाची गोष्ट अशी, की या कामासाठी थॉमसन यांनी सरकारी पैशाला हात लावला नव्हता. जेरॉन नावाची कंपनी आणि विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांचं संशोधन फाउंडेशन, अशा दोघांनी खर्च उचलला. प्रयोगशाळाही त्यांनी वेगळी थाटली, कारण नेहमीच्या प्रयोगशाळेत सगळीकडे केंद्राच्या अनुदानाची उपकरणं होती.

एवढं सोवळं कशासाठी, तर डिकी-विकर दुरुस्तीसाठी. आर्कान्सॉचे जे डिकी आणि मिसिसिपीचे रॉजर विकर या दोन काँग्रेस सदस्यांनी आरोग्य खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडलं आणि जानेवारी १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. संशोधनासाठी भ्रूण तयार करायला, किंवा ज्या संशोधनात भ्रूण नष्ट होतं, टाकून दिलं जातं वा जाणूनबुजून धोक्यात घातलं जातं अशा संशोधनाला, केंद्राचा पैसा वापरायचा नाही, एवढाच त्याचा आशय. तो स्वतंत्र कायदा नाही. खर्चाच्या विधेयकाच्या शेपटीला लावलेलं कलम आहे, त्यामुळे ते दरवर्षी नव्याने संमत करावं लागतं. आणि तेव्हापासून ते दरवर्षी संमत होत आलं आहे, मग काँग्रेसमध्ये बहुमत कुणाचंही असो.

थॉमसन यांच्या पेशी आल्या आणि या कलमाची परीक्षा झाली. आरोग्य खात्याच्या वकील हॅरिएट रॅब यांनी जानेवारी १९९९ मध्ये मत दिलं: मूलपेशी म्हणजे भ्रूण नव्हे, त्या गर्भाशयात ठेवल्या तरी त्यांचं मूल होत नाही. म्हणून भ्रूणातून पेशी काढायला सरकारी पैसा चालणार नाही, पण खासगी पैशातून काढलेल्या पेशींवर पुढचं काम करायला चालेल. विरोधकांनी याला कायदेशीर चलाखी म्हटलं. मला तेव्हा त्यात चलाखी दिसली नाही, कारण आमचा धंदाच असल्या रेषांवर चालतो. एकाच माणसाचा सकाळचा पगार एका अनुदानातून आणि दुपारचा दुसऱ्यातून, हे आम्ही रोज करतो. पण मूल आणि पेशी यांच्यामधून जाणारी रेषा आपण पगारपत्रकाच्या पेन्सिलीने ओढतो आहोत, हे जरा विचित्रच होतं.

मग ९ ऑगस्ट २००१. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी टेक्ससमधल्या क्रॉफर्डच्या आपल्या घरातून रात्री देशाला उद्देशून भाषण केलं. त्यांचा निर्णय असा, की ज्या भ्रूणांचं व्हायचं ते आधीच होऊन गेलं आहे, त्यांच्यापासून आज अस्तित्वात असलेल्या सेल लाइनींवरच्या संशोधनाला केंद्र पैसे देईल. यापुढे नष्ट होणाऱ्या भ्रूणांतून निघालेल्या लाइनींना नाही. नियमात वेळही घातली गेली: त्या दिवशी रात्री ९ च्या आत, पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे, पेशी काढायची प्रक्रिया सुरू झालेली असली पाहिजे. कट-ऑफ तारीख आम्हाला नवी नाही, ३० जूनला आमचं आर्थिक वर्ष संपतं, त्या रात्री बारानंतर आलेलं बिल पुढच्या वर्षात जातं. पण आठ वाजून पन्नास मिनिटांनी फोडलेलं भ्रूण पात्र आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी फोडलेलं अपात्र, हा कट-ऑफ माझ्या पाहण्यातला सगळ्यात कठोर होता.

अशा साठाहून अधिक लाइनी जगभरात आहेत, असं बुश म्हणाले होते. त्या महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, ६४ लाइनींची यादी दिली. स्वीडन, इस्राएल, ऑस्ट्रेलिया, आणि आपल्या लोकांनी मान वर करून वाचावं असं म्हणजे मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही त्या यादीत होतं. यादी मोठी, पण माल थोडा. काही लाइनी वाढेचनात, काही अर्धवट गोठवलेल्या होत्या, काहींच्या मालकीचे आणि परवान्यांचे प्रश्न होते. शेवटी संशोधकांच्या हाती प्रत्यक्ष पडल्या त्या २१. त्याही उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या, म्हणजे माणसात घालायच्या म्हटल्या तर डॉक्टर दहादा विचार करणार. पण त्या निर्णयाचं नीट मूल्यमापन व्हायला लोकांना सवडच मिळाली नाही. महिन्याभरात न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि देशाला दुसरं काही सुचेना.

आमच्याकडे मात्र काम सुरू झालं. प्रयोगशाळेत केंद्राच्या पैशाने घेतलेला इन्क्युबेटर आहे, त्यात यादीबाहेरच्या लाइनीची एक बशी ठेवली तर ते केंद्राच्या पैशाने केलेलं संशोधन होतं का? पिपेटच्या टिपांचं खोकं एका अनुदानातून आलं, त्यातल्या चार टिपा दुसऱ्या कामाला वापरल्या तर? बरं, अनुदानावर विद्यापीठाला इनडिरेक्ट कॉस्ट म्हणून वरचे टक्के मिळतात. त्यातून दिवे, पाणी, झाडलोट, ग्रंथालय सगळं चालतं. मग ज्या दिव्याखाली ती बशी बघायची तो दिवा कुणाचा? एनआयएचने नंतर स्पष्ट केलं, की खर्चाची विभागणी चोख असेल तर एकाच इमारतीत दोन्ही कामं चालतील. पण विद्यापीठांचे वकील कधी 'चालेल' या शब्दावर झोपले आहेत? एका चुकीपायी सगळीच अनुदानं गोत्यात आली तर, ही धास्ती. म्हणून ठिकठिकाणी वस्तूंवर रंगीत स्टिकर लागले. एक रंग सरकारी, दुसरा खासगी. फ्रीजर वेगळे, सेंट्रिफ्यूज वेगळं, कपाटं वेगळी. आमच्याकडे एक खासगी खोली झाली. तिच्यात सगळं दुसऱ्यांदा विकत घेतलं: आधीच शेजारच्या खोलीत असलेलं तेच मशीन, त्याच कंपनीचं, बहुधा त्याच ट्रकमधून आलेलं.

आजीच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघराची मला सारखी आठवण यायची. फरक एवढाच, की तिथे शिवाशिव झाली तर आंघोळ करून भागायचं, इथे भागत नव्हतं.

एका पोस्टडॉकचं, म्हणजे पीएच.डी. संपवून तिथे संशोधन करणाऱ्या मुलीचं, मला आठवतं. तिची फेलोशिप सरकारी होती. तिच्या टेबलावर एक टाइमशीट असे आणि ती खासगी खोलीत गेली की तेवढे तास वेगळ्या रकान्यात लिहायची. एकदा ती माझ्याकडे आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'खासगी खोलीतल्या प्रयोगाचा विचार मी घरी, बसमध्ये करते. तो कोणत्या रकान्यात लिहू?' मी हसले. ती हसली नाही. विचारांचं बिल लागत नाही, असं मी तिला सांगितलं. नियमाप्रमाणे ते खरंही होतं.

या सगळ्याला मूर्खपणा म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. मीही तसंच म्हणत असे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंमुळे मला ते तितकं सोपं राहिलं नाही. त्या वयाने मोठ्या, कॅथलिक, पाच मुलांच्या आई, ऑफिसात माझ्या आधीपासून. कामाला वाघीण. भ्रूणाच्या अनुदानाच्या फायली त्या हाताळत नसत. तशी विनंती त्यांनी केली होती आणि साहेबांनी काही न बोलता त्या फायली माझ्याकडे वळवल्या होत्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना खोचकपणे म्हटलं, 'तुमच्या करातूनच इराकमध्ये बॉम्ब पडताहेत, त्याचं काय?' त्या म्हणाल्या, 'त्यालाही माझा विरोधच आहे. पण तो थांबवणं माझ्या हातात नाही. इथे थांबवता येत होतं.' आणि मग: 'मी कुणाचे हात धरत नाही. कंपन्यांना करायचं ते करू देत. फक्त ते माझ्या नावाने करू नका.'

यावर अमेरिकेतल्या उदारमतवाद्यांचं ठरलेलं उत्तर असतं: कर एकदा भरला की त्या पैशावर तुमचं नाव राहत नाही, आणि प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाला विचारून खर्च करायचा म्हटला तर सरकार चालणार नाही. बरोबर आहे. पण मी हिशेबनीस आहे, पैशावर नाव राहत नाही असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू? आमचं अख्खं ऑफिस पैशावर नाव राहतं या समजुतीवर उभं होतं. देणगीदाराने कर्करोगासाठी दिलेला पैसा आम्ही हृदयरोगाला वापरू देत नव्हतो. बाईंची मागणी देणगीदारासारखीच होती, फक्त त्या करदात्या होत्या.

तरीही त्यांचं म्हणणं मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्याचं कारण मूलपेशींच्या आधीच्या इतिहासात आहे. या वादात तो फारसा कुणी काढत नाही.

लुईस ब्राउन, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडमध्ये १९७८ साली जन्मली. अमेरिकेत तेव्हा नियम होता, की आयव्हीएफवरच्या संशोधनाला सरकारी पैसा हवा असेल तर एका नैतिक सल्लागार मंडळाने आधी तपासणी केली पाहिजे. मंडळाने १९७९ मध्ये अहवाल दिला: काही अटींवर असं संशोधन नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे. सरकारने अहवाल ठेवून घेतला. १९८० मध्ये मंडळाची मुदत संपली आणि ते पुन्हा नेमलंच नाही. तपासणी सक्तीची, आणि तपासणारं मंडळ अस्तित्वात नाही! कुणीही 'नाही' म्हटलं नाही, तरी पुढची तेरा वर्षं एक डॉलर मंजूर होऊ शकला नाही. १९९३ मध्ये काँग्रेसने ती अट काढली, आणि तीनच वर्षांत डिकी-विकर आलं.

मधल्या काळात आयव्हीएफ थांबलं का? १९८१ च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये अमेरिकेची पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि मग क्लिनिकं वाढतच गेली. सगळं खासगी. प्रयोग व्हायचे ते पैसे भरून आलेल्या जोडप्यांवर, उपचार या नावाखाली. किती भ्रूणं तयार करायची, किती गर्भाशयात सोडायची, उरलेल्यांचं काय करायचं, हे ज्याचं तो ठरवायचा. १९९२ चा एक कायदा क्लिनिकांकडून यशाचे आकडे मागतो, त्यापलीकडे केंद्र फारसं आत शिरलंच नाही. ब्रिटनने उलटा रस्ता धरला. १९८४ मध्ये वॉर्नॉक समितीचा अहवाल, १९९० मध्ये कायदा, परवाने देणारी एक संस्था, आणि चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवायचं नाही ही मर्यादा सगळ्यांना, पैसा सरकारी असो की खासगी. अमेरिकेत फ्रीजरमध्ये किती भ्रूणं साठली आहेत हे मोजायला २००२ साल उजाडावं लागलं. आकडा निघाला चार लाखांच्या घरात. त्यांतली बहुतेक पालकांनी पुढच्या उपचारासाठी राखून ठेवली होती, आणि संशोधनाला द्यायची म्हणून ठरवलेली होती जेमतेम ११ हजार.

ही चार लाख भ्रूणं मूलपेशींच्या संशोधकांनी तयार केली नव्हती. सरकारने हात लावायचा नाही असं ठरवल्यावर, सरकारच्या नजरेआड ती तयार झाली. जिथे पैसा जातो तिथेच ऑडिटर जातो, हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकले. अनुदानासोबत अटी येतात, संमतिपत्रकं येतात, नैतिक समित्या येतात, आणि माझ्यासारखी कटकटी माणसं येतात. बाईंच्या नावाने काही झालं नाही हे खरं, पण म्हणून ते कमी झालं नाही. उलट कुणाच्याच नावाने न होता खूप जास्त झालं.

जुलै २००६ मध्ये बुश यांनी अध्यक्षपदाच्या साडेपाच वर्षांतला पहिला नकाराधिकार वापरला तो याच विषयावर. आयव्हीएफमधून उरलेल्या, नाहीतरी टाकून दिल्या जाणार असलेल्या भ्रूणांपासून केलेल्या नव्या लाइनींना पैसा देणारं विधेयक सिनेटने ६३ विरुद्ध ३७ मतांनी संमत केलं होतं. यूटाचे ऑरिन हॅच यांच्यासारखे गर्भपाताला कट्टर विरोध करणारे रिपब्लिकनही त्याच्या बाजूने होते. व्हाइट हाउसच्या समारंभाला दत्तक भ्रूणांतून जन्मलेली मुलं होती. एका जोडप्याचं उरलेलं भ्रूण दुसऱ्याने घेऊन वाढवायचं, असा कार्यक्रम एक ख्रिस्ती दत्तक संस्था चालवत होती. बुशना ती मुलं भोवती घेऊन उभं राहिलेलं बघून माझ्या पोटात तुटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवशी देशातल्या कितीतरी क्लिनिकांमध्ये भ्रूणं कचऱ्यात गेली असतील आणि त्याला कसलाच नकाराधिकार लागला नाही, हेही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या बाजूचा ताशाही काही कमी नव्हता. २००४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने हा विषय असा काही वाजवला, की बुश हरले तर दुसऱ्या दिवशी दवाखाने ओस पडणार. सिनेमात सुपरमॅन झालेले क्रिस्टोफर रीव्ह घोड्यावरून पडून १९९५ पासून मानेखाली लुळे होते. ते त्या ऑक्टोबरात वारले. दुसऱ्याच दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स सभेत म्हणाले, की पक्षाचे उमेदवार जॉन केरी अध्यक्ष झाले तर रीव्ह यांच्यासारखी माणसं खुर्चीतून उठून चालू लागतील. मला हे किळसवाणं वाटलं. माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना अल्झायमर, म्हणजे स्मृती पुसत नेणारा आजार, झाला म्हणून त्यांच्या पत्नी नॅन्सी रेगन मैदानात उतरल्या, आणि लोकांनी समजून घेतलं की मूलपेशींनी अल्झायमर बरा होणार. मेंदूभर पसरलेल्या त्या आजारावर पेशी रोवून काही होण्याची आशा जवळपास नाही, हे संशोधकांना माहीत होतं. फार कमी जणांनी ते मोठ्याने सांगितलं. पैसा हवा असला की शास्त्रज्ञही गप्प बसायला शिकतात. अनुदानाचे अर्ज वाचून वाचून मला याचं आश्चर्य वाटायचं बंद झालं आहे.

त्याच नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ५९ टक्के मतांनी स्वतःचे ३ अब्ज डॉलर या कामासाठी मंजूर केले, कर्जरोखे काढून. केंद्राने नाही म्हटलेलं एका राज्याने केलं. ते पैसे पहिली काही वर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकले.

पुढे २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेसारख्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना भ्रूणपेशींसारखं करून दाखवलं. २००७ मध्ये तेच माणसाच्या पेशींत साधलं, त्यांनी आणि थॉमसन यांच्या गटानेही. मित्राच्या क्लिनिकात सूक्ष्मदर्शकातून भ्रूण बघताना यामानाकांना आपल्या मुली आठवल्या होत्या आणि दुसरा रस्ता शोधायला हवा असं वाटलं होतं. आमच्या बाईंनी ती बातमी कापून टेबलावर लावली. वाद संपला, असं पुष्कळांना वाटलं. नव्या पेशी खऱ्या भ्रूणपेशींसारख्या आहेत की नाही हे पडताळायला खऱ्या भ्रूणपेशी लागतातच, म्हणून प्रयोगशाळांना तसं वाटलं नाही.

ओबामांनी मार्च २००९ मध्ये बुश यांची मर्यादा उठवली. जुलैत एनआयएचने नियम आणले: भ्रूण आयव्हीएफसाठीच केलेलं आणि उरलेलं असावं, मोबदला दिलेला नसावा, आणि जोडप्याला इतर सगळे पर्याय समजावून मग लेखी संमती घेतलेली असावी. पैशापाठोपाठ नियम आले. आमच्याकडचे स्टिकर मात्र लगेच काढले नाहीत. वकिलांनी थांबायला सांगितलं, आणि वकील बरोबर ठरले. ऑगस्ट २०१० मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी डिकी-विकरचा आधार घेऊन सगळं अनुदान थांबवलं. सतरा दिवसांनी वरच्या कोर्टाने ती स्थगिती रोखली, पण खटला चालत राहिला तो २०१३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हात लावायला नकार देईपर्यंत. सुरुवातीला त्यात फिर्यादी म्हणून खुद्द भ्रूणंही होती. भ्रूणांना दाद मागायचा अधिकार कोर्टाने मानला नाही. तो मिळाला फक्त दोन संशोधकांना, जे प्रौढ मूलपेशींवर, म्हणजे भ्रूणातून न घेतलेल्या मूलपेशींवर, काम करत होते, आणि त्यांची तक्रार अशी होती की भ्रूणपेशीवाले अनुदानाच्या स्पर्धेत आल्यामुळे आपला वाटा कमी होतो. इतकी वर्षं जीवनाच्या पावित्र्यावर भांडून कोर्टाचं दार उघडलं ते निधीच्या वाटणीवर. मी ते निकालपत्र घरी नेऊन दोनदा वाचलं.

मग उपचार झाले का? झाले, उशिरा आणि थोडे. हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ मधुमेह आहे. बुश यांच्या काळात त्यांनी खासगी पैशातून, वेगळ्या प्रयोगशाळेत १७ नव्या लाइनी तयार करून जगभर वाटल्या होत्या. पुढे भ्रूणपेशींपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी घडवायची रीत त्यांच्या गटाने बसवली आणि मुलांची नावं जोडून एक कंपनी काढली. ती व्हर्टेक्स या औषध कंपनीने विकत घेतली. जून २०२५ मध्ये त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: पूर्ण मात्रा दिलेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घेत राहावी लागतात, त्यामुळे प्रत्येक मधुमेह्याला सुचवावा असा हा उपाय अजून नाही. थॉमसन यांच्या प्रयोगापासून २७ वर्षं. सरकारी पैसा पहिल्यापासून मिळाला असता तर किती वर्षं वाचली असती, हे कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर त्याच्याकडून आधी हिशेब मागावा.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. आमचा ईमेल चालू असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की क्लिनिकात गोठवलेली भ्रूणंही अल्पवयीन मुलांच्या मृत्यूबद्दल भरपाई देणाऱ्या १८७२ च्या कायद्यात येतात. मोबिलच्या एका हॉस्पिटलात कुणीतरी गोठवणखोलीत शिरून भ्रूणं खाली पाडली होती, त्यावरून हा दावा होता. राज्यातल्या काही क्लिनिकांनी घाबरून आयव्हीएफ थांबवलं. लोकांनी आरडाओरडा केला आणि तीन आठवड्यांच्या आत विधिमंडळाने कायदा केला: आयव्हीएफ करणाऱ्यांवर भ्रूणाच्या हानीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही. भ्रूण मूल आहे की नाही यावर त्या कायद्यात चकार शब्द नाही.

मला वाटलं बाई निकालावर खूश असतील. त्यांचं पत्र आलं ते संतापलेलं. 'आधी म्हणतात मूल आहे, आणि महिना व्हायच्या आत म्हणतात त्याला काही झालं तर विचारायचं नाही. यापेक्षा ब्रिटिश बरे.' मी संधी साधून विचारलं, की मग ब्रिटनसारखा परवाना आणि तपासणी इथेही लावायला तुमची हरकत नाही ना. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं: संशोधनाला पैसे द्यायला त्या अजूनही तयार नाहीत, पण क्लिनिकांवर तपासनीस नेमायला तयार आहेत, केंद्राचे नेमले तरी चालतील. त्या तपासनिसांचा पगार त्यांच्या करातून गेला तर चालेल का, यावर आमचं अजून चाललं आहे.